ज्वारीच्या पिठातली गिटार

भावसिंगपुऱ्यात बद्रीनाथची गिरणी कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. कान दिला की पुरे. सकाळी आठला पट्टा फिरायला लागला की समोरच्या दवाखान्यातले पेशंट डॉक्टरांना आपलं दुखणं ओरडून सांगतात, आणि डॉक्टर औषध ओरडून लिहून देतात. अशा या गिरणीत, गव्हाच्या पोत्यावर मांडी घालून, बद्रीनाथची थोरली लेक वच्छला गिटार शिकली.

दुसरीकडं कुठं शिकणार होती? घर म्हणजे गिरणीमागच्या दोन खोल्या. एकीत आईचं शिलाई मशीन, दुसरीत धाकट्या बहिणीची बारमाही परीक्षा. राहिली गिरणी. आता गिरणीत बसून वाजवायचं म्हणजे सूर लागला की नाही ही फार पुढची गोष्ट. आधी तो ऐकू तर यायला हवा! म्हणून वच्छला खांद्यापासून हात उचलायची आणि सहाच्या सहा तारांवर असा आणायची, की गिरणीनंही क्षणभर मागं वळून बघावं. दोन वर्षांत तिनं दहा-बारा तारा तोडल्या. डाव्या हाताच्या बोटांची टोकं चिंचोक्यासारखी टणक झाली. उजव्या दंडाबद्दल तर वर्गात कुणी बोलतच नसे, कारण पंजा लढवण्यात तिनं सगळ्यांना एकेकदा आडवं केलेलं होतं.

वच्छला हे तिच्या आजीचं नाव. आठवीपर्यंत ती ते वहीवर नुसतं 'व्ही.' असं लिहायची. पण मागच्या गॅदरिंगला ऐन वेळी माइक बंद पडला, आणि तरीही हिची गिटार मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली. सगळी शाळा 'वच्छला! वच्छला!' म्हणून ओरडली, आणि तिच्या लक्षात आलं, अरे, असलं नाव तर स्टेजवरून पुकारायलाच ठेवलेलं असतं. तेव्हापासून ती वहीच्या पहिल्या पानावर ते पूर्ण लिहिते, खाली दोन रेघा मारून.

तर अशी ही वच्छला नववीत गेली आणि मीनाक्षी मॅडमनी यंदाच्या गॅदरिंगसाठी स्वतः एक गाणं रचलं. पहिल्या दोन कडव्यांत खुलताबादच्या घाटावरची पहाट, सगळं निवांत, धुक्यातलं. तिसऱ्या कडव्यात शाळा सुटल्याची घंटा होते आणि पोरी बाहेर उधळतात.

"पहिल्या दोन कडव्यांना साधी गिटार," मॅडम म्हणाल्या, "मग सोळा मात्रा नुसती ढोलकी, आणि तिसऱ्याला एकदम इलेक्ट्रिक गिटार! वच्छला, तुला इलेक्ट्रिक येते ना?"

वच्छलानं इलेक्ट्रिक गिटार फक्त मोबाइलवर पाहिली होती. पण विचार करून उत्तर देणं तिनं मागच्या गॅदरिंगपासून सोडलं होतं.

"येते की मॅडम! तारा सहाच असतात ना? म्हैस काळी असो की भुरी, धार काढायची रीत एकच."

संगीताचा वर्ग खदखदून हसला. कीबोर्डमागं बसलेली दमयंती तेवढी हसली नाही. दमयंती वकिलांची मुलगी, वेणी अशी घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या, आणि वाजवायची सुरेख. तिनं चष्मा सारखा केला.

"मॅडम, माझ्या कीबोर्डमधे इलेक्ट्रिक गिटारचं बटण आहे. उगाच म्हैस कशाला बदलायची?"

"बटणाला शिंगं नसतात, दमे," वच्छला म्हणाली. झालं, बोलून बसली!

इलेक्ट्रिक गिटार मिळणार होती मॅडमच्या काकांकडून. हे श्रीधरकाका छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचे. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. तरुणपणी मात्र ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत लग्नं, गणपती, कारखान्यांचे कार्यक्रम गाजवलेले. शनिवारी वच्छला त्यांच्याकडं गेली, तेव्हा त्यांनी पलंगाखालून रजईत गुंडाळलेली गिटार काढली. काळीभोर, चकचकीत. बघणाऱ्याला तिच्यात स्वतःचे दात दिसावेत अशी.

"हे बघ बेटा," काका म्हणाले, "तुझ्या लाकडीचं पोट पोकळ असतं, आवाज तिच्या पोटात. हिचं पोट भरीव. हिचा आवाज इथं." त्यांनी शेजारच्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर टिचकी मारली. "म्हणून हिला बदडायचं नाही. तू नुसतं कानात सांगायचं, ओरडायचं काम हे खोकं करतं. तारा पण बारीक आहेत. हलका हात. समझी?"

"हो काका," वच्छला म्हणाली आणि मान हलवली. हेल्मेट विसरलेला माणूस चौकातल्या पोलिसापुढं हलवतो तशी.

"आणि ही माझी चाळीस वर्षांची आहे. हिच्यावर आजपर्यंत मी धूळ बसू दिलेली नाही."

"आमच्या घरी धूळ नसतेच काका," वच्छलानं सांगितलं. ते खरंही होतं. गिरणीत पीठ असतं.

सोमवारी पहिली तालीम. लाकडी गिटारवर पहिली दोन कडवी झोकात झाली. घाटातली पहाट जरा वादळी झाली, पण मॅडमना सवय होती. मग सोळा मात्रा ढोलकी. वच्छलानं लाकडी गिटार भिंतीशी टेकवली, काळी गळ्यात घातली, खांद्यापासून हात उचलला आणि आणला की खाली!

लग्नघरातली ताटांची चवड जिन्यावरून गडगडत यावी तसं झालं. बरं, ताटं तरी खाली पोचली की थांबतात. हे थांबेना. वच्छलानं हात उचलला तरी सहाही तारा आपापलं रडगाणं गातच राहिल्या. ती गोंधळली, आणि गोंधळली की ती करायची तेच तिनं केलं: आणखी जोरात वाजवलं. डाव्या हाताची चिंचोक्याची बोटं तिनं अशी दाबली की त्या बारीक तारा ताणल्या जाऊन प्रत्येक सूर ठरल्यापेक्षा वर सरकला. गाणं एका गावाला चाललेलं, गिटार दुसऱ्या. शेजारच्या वर्गातून भूगोलाच्या सरांनी शिपाईमामांना पाठवलं. मामांनी दारातून डोकावून छताकडं पाहिलं, भिंतींकडं पाहिलं आणि विचारलं, "काय पडलं मॅडम?"

"माझी इज्जत," वच्छला पुटपुटली.

दमयंतीनं एक बटण दाबलं आणि तिसऱ्या कडव्याची चाल एका बोटानं वाजवली. स्वच्छ, सुरात, जिथं थांबायचं तिथं थांबलेली.

मीनाक्षी मॅडम मनानं चांगल्या होत्या, म्हणून त्यांनी वच्छलाला बाजूला घेऊन सांगितलं. "शुक्रवारी शेवटचं बघू. जमलं तर दोन्ही गिटारी तुझ्या. नाही जमलं तर गिटारचा सगळाच भाग कीबोर्डवर घेते. अर्धं हिचं, अर्धं तिचं असं बरं नाही दिसत."

"आणि मी, मॅडम?"

"तू मागं कोरसला उभी राहा."

आता वच्छलाचा गळा कसा, हे शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. चालत्या गिरणीचा पट्टा निसटावा तसा. कोरसमधे तिला कायम नुसते ओठ हलवायला सांगत. म्हणजे एकीकडं दोन दोन गिटारी, आणि दुसरीकडं मागच्या रांगेत, सगळ्या शाळेसमोर, माशासारखं तोंड उघडायचं नि मिटायचं. त्या दिवशी घरी जाताना तिनं रस्त्याच्या कडेचा एक दगड थेट गिरणीच्या दारापर्यंत लाथाडत आणला.

गिरणीत नवाच पेच. खोक्याची पिन बोर्डात घातली की ते भुंग्यासारखं घूं करायला लागायचं, आणि गिरणीची मोटार चालू असेतोवर घूं करतच राहायचं. वच्छलानं वायर उपटली आणि काळी गिटार तशीच, खोक्याशिवाय वाजवायला घेतली. पण चालत्या गिरणीत खोक्याशिवायची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे वरातीत मुंगीची शिंक. ऐकू येईना म्हणून तिनं जोर वाढवला. तरी येईना म्हणून आणखी वाढवला. रात्री जेवताना तिला घास उचलवेना.

"काय गं, कुणाशी कुस्ती खेळून आलीस व्हय?" बद्रीनाथनं विचारलं.

वच्छलानं शुक्रवारचं सगळं सांगितलं. कोरसचंही सांगितलं. बद्रीनाथनं भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला.

मंगळवारी ती शाळेतून आली तेव्हा गिरणी बंद! भरदुपारी! बद्रीनाथ बाजूच्या स्टुलावर बसला होता, आणि दारात साळूबाई ज्वारीचा डबा कमरेवर घेऊन उभी होती. साळूबाई गल्लीतलीच, तिच्या भाकरीला आणि जिभेला, दोन्हीला तोड नाही असं म्हणायचे.

"बंद कामून हाये?" साळूबाई विचारत होती.

"दगडाला टाकी लावायचीय." गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की त्यांना टाकीनं टोचून खरबरीत करावं लागतं, त्याला हे म्हणतात.

"मागल्या पंधरवड्यात तर लावली व्हती."

"आजकालचे दगड लई लवकर झिजतेत."

साळूबाईनं बद्रीनाथकडं पाहिलं, मग गिटार घेऊन उभ्या असलेल्या वच्छलाकडं पाहिलं. "दगड झिजलेत का पोरगी रडलीय?"

"मी नाही रडले!" वच्छला फणकारली.

"बरं बरं. मग वाजव. पीठ तर मिळत नाय, गाणं तरी ऐकून जाते." आणि साळूबाई डबा खाली ठेवून पोत्यावर ऐसपैस बसली.

वच्छलानं खोक्याची पिन घातली. मोटार बंद, त्यामुळं भुंगा गप्प. तिनं वाजवलं. जिन्यावरून ताटं पुन्हा गडगडली. साळूबाईनं पदर कानावर घेतला. बद्रीनाथनं मात्र डोळे मिटले होते. तो नेहमी असाच बसायचा. गिरणी चालू असताना तो तिच्याकडं बघत नसे, नुसता ऐकायचा. वरच्या डब्यातले दाणे संपत आले की दगड रिकामे फिरायला लागतात आणि गिरणीचा आवाज वर चढतो. तो चढायच्या आत, गाढ झोपेतून उठून, बद्रीनाथचा हात खटक्यावर जायचा.

"थांब," तो म्हणाला. "तुझे दाणे संपायलेत."

"काय?"

"तू बोट ठिवलं की आवाज जागच्या जागी राहत नाय. वर चढतो. रिकाम्या दगडावानी."

"पप्पा, तुम्हाला गिटारमधलं काय कळतं?"

"गिटारमधलं काय बी नाय कळत. चढल्यालं कळतं."

वच्छलानं हट्टानं पुन्हा एकच सूर दाबला. चढला. बोट थोडं सैल केलं. सूर उतरला आणि नीट बसला. आणखी सैल केलं तर तार गळ्यावरच्या धातूच्या पट्टीवर फरफरली. पुन्हा किंचित दाबलं. बसला! अगं बाई, एवढ्याशा जोरावर? हिला तर नुसतं फुंकर मारल्यासारखं बोट लागतंय! दोन वर्षं चिंचोके पिकवले ते कशासाठी?

"आता दगड बरोबर लागले," बद्रीनाथ डोळे न उघडता म्हणाला.

डावा हात सापडला. उजवा मात्र ऐकेना. अर्धा तास वाजवून वच्छलानं गिटार वैतागून मांडीवर आडवी टाकली, तेव्हा साळूबाई पुढं वाकली.

"हे काय गं, अंगण झाडलंस व्हय?"

गिरणीत सगळ्यावर बसतं तसं त्या काळ्या गिटारवरही पीठ बसलं होतं, पातळ, पांढरं, सगळीकडून सारखं. आणि त्या पिठात वच्छलाचा हात जिथून जिथून फिरला होता तिथं मोठ्ठा काळा पंखा उमटला होता. वरच्या खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत. साळूबाईनं तारांच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून माप घेतलं.

"तारा बघ, चार बोटांत सहाच्या सहा बसल्यात. आन् तू गावभर फिरून येतेस. चार बोटांच्या कामाला दोन हात जागा?"

वच्छला बघतच राहिली. श्रीधरकाकांनी 'हलका हात' म्हटलं होतं, पण हलका म्हणजे किती? आता तो डोळ्यांना दिसत होता! तिनं पंख्यावरून हात फिरवून गिटार पुसली, चाळणी घेतली आणि गव्हाच्या पिठाकडं वळली.

"गव्हाचं नगं," साळूबाई म्हणाली, "घामाच्या हाताला चिकटतं. ज्वारीचं घे, ते मोकळं राहतं."

मग काय विचारता! वच्छलानं काळ्या गिटारवर ज्वारीचं पीठ चाळलं. तिसरं कडवं वाजवलं. पंखा बघितला. पुन्हा चाळलं. पुन्हा वाजवलं. बदडणाऱ्या खांद्याला घरी बसवलं, नुसतं मनगट कामाला लावलं. पंखा आधी परातीएवढा, मग ताटाएवढा, मग वाटीएवढा झाला. आणि रिकाम्या वाजणाऱ्या तारांचं रडगाणं? तेही पिठानंच सांगितलं. तळहाताची करंगळीकडची कड तारांच्या मुळाशी अलगद टेकवली की नको त्या तारा गप्प बसायच्या. हात नीट टेकला असेल तर त्या कडेला पिठाची पांढरी रेघ उमटायची. रेघ तुटकी असली की वच्छलाला खोक्याकडं बघायचीसुद्धा गरज नव्हती, आतून रडगाणं आलेलं असायचंच.

बुधवारी दुपारीही दगडाला टाकी होती. गल्लीत कुजबुज सुरू झाली की बद्रीनाथनं मातीचे दगड घेतलेत. बद्रीनाथ स्टुलावर डोळे मिटून बसलेला, साळूबाई पोत्यावर, वच्छला नखशिखांत पांढरी, गिटार तिच्याहून पांढरी; आणि नेमके तेव्हाच छत्रीची काठी टेकत श्रीधरकाका दारात उभे राहिले. गिटार कशी आहे बघावं म्हणून छावणीतून चालत आले होते.

काकांनी छत्री बद्रीनाथच्या हातात दिली, जणू आता दोन्ही हात मोकळे लागणार होते.

"ही... माझी?"

"हो काका."

"हिच्यावर... हे काय आहे?"

"ज्वारी," साळूबाई मदतीला धावली.

"चाळीस वर्षं!" काका गरजले. "पावसात स्वतः भिजलो, हिला भिजवली नाही! लग्नात नवरदेवाच्या मामानं हिला हात लावला तर पैसे न घेता कार्यक्रम सोडून आलो! आणि तू हिच्यावर भाकऱ्या थापतेस?"

आठवीतली वच्छला असती तर जमिनीत गेली असती. नववीतली घाबरली होती, पण तिनं एकच केलं. "काका, दोन मिनिटं," म्हणाली आणि वाजवायला लागली.

तिसरं कडवं. बोटं फुंकरीसारखी. मनगट वाटीएवढं. शाळा सुटली, पोरी उधळल्या, पण एकही ताट पडलं नाही. जिथं थांबायचं तिथं कड टेकली आणि शांतता झाली. काकांचा हात हवेत होता तो तिथंच राहिला. मग ते पुढं आले, त्यांनी गिटारवरचा वाटीएवढा काळा ठिपका बघितला, तिचा हात उलटा करून कडेची पांढरी रेघ बघितली, आणि कितीतरी वेळ त्या रेघेकडंच बघत राहिले.

"मला हे यायला चार वर्षं लागली," ते म्हणाले. लगेच पुन्हा गरजले, "पण आजपासून पीठ बंद! ब्रश आणा कुणीतरी!"

बद्रीनाथनं चाळणी झाडायचा ब्रश दिला. काका गिटारच्या फटीफटीतून पीठ काढत बसले. काढता काढता म्हणाले, "आता ती तुझी लाकडी घे. पहिलं कडवं."

वच्छलानं ऐटीत लाकडी गिटार घेतली, वाजवायला लागली, आणि साळूबाई म्हणाली, "सुरू कधी करणार?"

"वाजवतेय की!"

"व्हय? मला वाटलं खाजवतेस."

हात हलका झाला होता तो सगळीकडंच हलका झाला होता! लाकडीच्या जाड तारा फुंकरीला दाद देईनात, सूर अर्ध्यातच मरत होते, आणि वाटीएवढ्या मनगटानं त्या पोकळ पोटातून काही निघत नव्हतं. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचणारी गिटार आता साळूबाईपर्यंत पोचेना. एक शिकली आणि दुसरी विसरली! आणि शुक्रवार दोन दिवसांवर.

"रडू नको," काका म्हणाले.

"मी रडत नाहीये!" हे मात्र यावेळी पूर्ण खरं नव्हतं.

"हात एकच आहे, सवयी दोन लागतात. मधे दार पाहिजे, म्हणजे एक आत आली की दुसरी बाहेर." काकांनी तिचं उजवं कोपर धरलं. "लाकडीला हे मोकळं. इथून हलायचं. काळीला हे कमरेशी बांधलेलं. फक्त कोपर लक्षात ठेव, बाकी हाताला आपोआप आठवतं. सोळा मात्रा आहेत ना मधे? भरपूर झाल्या. पहिल्या चारात लाकडी खाली. पुढच्या चारात काळी गळ्यात. मग कोपर बांध. शेवटी हा नॉब उघड." काळीच्या अंगावर आवाजाचा एक लहान गोल नॉब होता. "तोवर तो बंदच ठेवायचा, नाहीतर उचलतानाच ती किंचाळेल."

गुरुवारची संध्याकाळ त्या सोळा मात्रांत गेली. साळूबाई डब्यावर ढोलकीचा ठेका धरायची. काका छत्रीच्या मुठीनं वच्छलाचं कोपर कधी अडकवून कमरेशी ओढायचे, कधी मोकळं सोडायचे. मोकळं, बांधलं. मोकळं, बांधलं. गिऱ्हाइकं दारात उभी राहून बघत होती. एकानं तर पिठाऐवजी चहा मागितला. पण अंधार पडेपर्यंत लाकडी पुन्हा रस्त्यापलीकडं दवाखान्यात ऐकू गेली, आणि काळी वाटीत राहिली.

शुक्रवार. संगीताच्या वर्गात खिडक्यांतूनही पोरी लटकलेल्या. बातमी फुटलेली होती ना! दमयंती कीबोर्डमागं, बोट बटणाशेजारी तयार. मागं कोरसच्या रांगेत एक जागा रिकामी, मुद्दाम ठेवल्यासारखी.

पहिलं कडवं. कोपर मोकळं. घाटावरची पहाट आज वादळी नव्हती आणि मेलेलीही नव्हती. धुक्यातून कुणीतरी दमदार चालत यावं तशी आली. दुसरं कडवं. मॅडमनी नकळत मान डोलावली. ढोलकी सुरू. एक, दोन, तीन, चार, लाकडी खाली. पाच, सहा, सात, आठ, काळी गळ्यात. पट्टा वेणीत अडकला! वच्छलानं वेणी हिसकून काढली. बारा, तेरा. कोपर बांधलं. सोळा. तिनं मनगट फिरवलं.

काहीच नाही.

नॉब! वेणीच्या भानगडीत नॉब राहिला!

दमयंतीचं बोट बटणाकडं गेलं. मॅडमच्या भुवया वर. आणि वच्छलाचा खांदा, तो दोन वर्षांचा गिरणीवाला खांदा, ऐकू येत नाही म्हटल्यावर आपोआप उचलायला लागला. मार! जोरात मार! पण कोपर कमरेशी होतं. तिनं ते तिथंच ठेवलं. एवढ्या सगळ्या पोरींसमोर ती मुक्या गिटारवर हलक्या हातानं, एकही सूर न सोडता, तिसरं कडवं वाजवत राहिली, आणि वाजवता वाजवता करंगळी लांब करून नॉब हळूच फिरवायला लागली. एकदम नाही. एकदम फिरवला असता तर शिपाईमामा पुन्हा आले असते.

दूरच्या गल्लीतून मिरवणूक येताना आधी नुसती छातीत जाणवते, मग कानाला, मग एकदम दारात. तशी गिटार आली. नाहीच्यातून आली आणि वाढत वाढत वर्गभर झाली. दमयंतीचं बोट हवेतच थांबलं. खिडकीतली एक पोरगी 'आईशप्पथ' म्हणाली. शाळा सुटली, पोरी उधळल्या, आणि शेवटच्या मात्रेला वच्छलानं हाताची कड टेकवली तेव्हा असं गप्प झालं की बाहेरच्या पाण्याच्या टाकीचा गळका नळ ऐकू आला.

"वच्छला!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "ते सुरुवातीला हळूहळू वर येणं! कुणी सुचवलं तुला? काकांनी?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. वच्छलानं तोंड उघडलंही. पण दमयंती चष्म्यावरून तिच्याकडं बघत होती, आणि तिला सगळं दिसलं होतं हे स्पष्ट होतं. शिवाय खरं सांगायचं तर, आज खोटं बोलायची गरजच वाटत नव्हती.

"कुणी नाही मॅडम. नॉब उघडायला विसरले."

खिडक्यांत हशा उसळला. मॅडमनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग दमयंतीकडं. "तुझं काय मत?"

दमयंतीनं वेळ घेतला. वकिलांचीच मुलगी ती. "गिटार हिच्याकडंच राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या बटणाला असं विसरता येत नाही."

"ठरलं तर," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही गिटारी वच्छलाच्या. आणि हे विसरणं गाण्यात पक्कं. गॅदरिंगपर्यंत रोज, ठरल्या मात्रेला, अस्सं विसरायचं. चला, पुन्हा पहिल्यापासून!"

वच्छलानं दोन्ही गिटारी जागेवर ठेवल्या, वेणी पुढं घेऊन आवळून बांधली आणि सगळं मनात घोकलं. कोपर मोकळं, कोपर बांधलेलं, नॉब बंद. गाणं सुरू झालं. पहाट झाली, धुकं उतरलं, ढोलकी वाजली, सोळा मात्रांत वच्छलानं इतकं बिनचूक सगळं केलं, इतकं बिनचूक, की सवयीनं नॉबही उघडला. आणि पहिल्याच सुराला खिडकीत लटकलेल्या दोन पोरी दचकून खाली पडल्या.

"विसरायचं होतं!" दमयंती ओरडली.

"विसरायचंच विसरले!" वच्छला तिच्याहून मोठ्यानं ओरडली, आणि मनगट न थांबवता तशीच पुढं वाजवत सुटली.